अप्पा रस्त्याकडं तोंड करून बसलेत

नांदेड
५ फेब्रुवारी २०२५

मृत्युंजय अण्णा,

शरणार्थ.

पत्र रजिस्टरनं पाठवून राहिले, पोच लावून. फोनवर तू मला ब्लॉक केलंस. वैनीला लावला तर ती "राँग नंबर" म्हणून ठेवते, जसा काही तिचा आवाज मला कळतच नाही. बरं, ठेवा. पण ज्ञानोबा पोस्टमन दारात उभा राहून सही मागंल तेव्हा त्याला तरी राँग नंबर म्हणता येणार नाही तुम्हाला.

सरळ कामाचं लिहिते. २८ तारखेला, शुक्रवारी सकाळी अकराला रस्त्याची सुनावणी आहे. त्याच्या आत हरकतीचा अर्ज पडला पाहिजे. अर्ज मी लिहून सोबत जोडलाय. 'माझ्या शेताच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात माझे वडील बसलिंगप्पा यांची समाधी आहे, रस्ता तिथं तीन मीटर वळवून न्यावा.' एवढंच. तीन मीटर, अण्णा. चारशे मीटरच्या लांबीत तो वळसा डोळ्याला दिसत पण नाही, मी नकाशावर काढून बघितलाय. समाधी वाचते, पलीकडच्या चिंचा वाचतात, कुणाचं काही जात नाही. तू फक्त खाली सही कर आणि पाठव.

सही नाही केलीस तर रोलर अप्पांच्या डोक्यावरून जाणार. दुसऱ्या कोणत्या शब्दांत लिहू?

मी स्वतः अर्ज केला असता. पण सातबाऱ्यावर तुझं एकट्याचं नाव आहे. अप्पा गेल्यावर अव्वानं आणि मी हक्कसोड करून दिली, तुला आठवतं? तहसीलमधून बाहेर आल्यावर तू मला उसाचा रस पाजलास आणि म्हणालास, "अंजे, कागदावरनं नाव गेलं म्हून शेत तुजं न्हाई असं समजू नको." मी हसले होते. आता कचेरीतला माणूस मला विचारतो, "मॅडम, तुमचा या गटाशी संबंध काय?"

संक्रांतीच्या दोन दिवस अगोदर खुंट्या मारायला माणसं आली तेव्हा तू फोनवर जे बोललास ते मी विसरणार नाही. "अप्पाच्या छातीवर खुंटी मारलीस तू. कागदावर तुजं नाव हाय. परत माझा उंबरा चढू नको." बोललास ते बोललास. नाव माझंच आहे, नाही म्हणत नाही. रस्त्याचा अभ्यास मी केला, चिंचेची बाजू सोडून आपल्या बाजूनं रस्ता रुंद करा हे मीच लिहिलं.

पण समाधीची चूक माझी नाही. आपल्या बाजूची पाहणी श्रद्धानं केली, माझ्याबरोबर कॉलेजात शिकवते ती. तक्ता नंबर सात तिनं भरला: 'मंदिर, मशीद, दर्गा, स्मशान, समाधी'. तिथं तिनं शून्य टाकलं. आता तिला काय माहीत, आपल्यात माणसाला जाळत नाहीत, हातात लिंग देऊन शेतातच बसवतात? वर चौथरा नाही, नाव नाही. काळा दगड आणि बेलाचं एक रोप. तिला वाटलं असंल बांधावरचा धोंडा.

असो. चूक कुणाची का असेना, दुरुस्त तूच करू शकतोस.

अव्वाला शरणार्थ सांग. तिला अजून सांगितलं नसशील तर सांगू नको.

अंजू

&nbsp;

नांदेड
१३ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

पोच परत आली. सही तुझीच. 'मृ'ची शेपटी अजून शाळेतल्यासारखी खालच्या ओळीत घुसते. म्हणजे पत्र पोचलं, तू घेतलंस, बहुतेक वाचलंसही. मग अर्ज कुठाय? पोस्टाच्या कार्डावर सही करतोस आणि बापाच्या कागदावर करत नाहीस, ही कुठली रीत झाली?

मी रोज कॉलेजातून येताना टपालाच्या डब्यात हात घालते. सोसायटीचा वॉचमन पण आता विचारतो, "आज आलं का, ताई?" हसण्यावारी नेते. पण घरात येऊन दार लावलं की कॅलेंडरवरचे दिवस मोजते.

तुला वाटतं मी चिंचेच्या झाडांसाठी बाप विकला. महादेवप्पा काकांनी पण पारावर तसंच सांगितलं म्हणे. मग ऐक एकदा, हे सगळं कुठून सुरू झालं ते.

अप्पा लातूर–नांदेड एसटीवर ड्रायव्हर होते तेव्हा सुट्टीत मला बरोबर न्यायचे. तुला गाडी लागायची म्हणून तू कधी आला नाहीस. मला त्यांच्या शेजारी बॉनेटवर बसवायचे, खाली पोतं टाकून, तरी बुडाला चटके बसायचे. मे महिन्यात नुसती भट्टी. आणि आपल्या शेताजवळ चिंचेची ओळ लागली की अप्पा बोटानं काचेवर टक् टक् करायचे. "अंजे, काटा बघ." इंजिनच्या गरमीचा काटा. चिंचा संपेपर्यंत तो जरासा खाली यायचा आणि उन्हात निघालो की परत वर. अप्पा म्हणायचे, "इंजिनेर लोकाला काय कळतंय, ड्रायवरला इचारा म्हणावं सावली कुठं ठिवायची."

मी इंजिनेर झाले आणि तेच विचारलं. दोन उन्हाळे त्या रस्त्यावर काढले. दुपारी दोनला उन्हातलं डांबर ६३ अंश, चिंचेखालचं ४१. उन्हातलं डांबर पाघळतं, चाकोऱ्या पडतात, चार वर्षांत उखडतं. सावलीतलं डबल टिकतं. गिट्टी कमी, डांबर कमी, धूर कमी. एकशे त्रेचाळीस चिंचा आहेत त्या बाजूला, एकेकीचा घेर मी हातानं मोजलाय. आपल्या बाजूला नुसत्या बाभळी. खात्याच्या जुन्या नकाशात दोन्ही बाजूंनी पाच-पाच मीटर घ्यायचे होते, म्हणजे चिंचा साफ. मी लिहिलं, एकाच बाजूनं घ्या. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या लिहिण्यावरून रस्त्याची रेघ हलवली. अप्पा असते तर पेढे वाटत फिरले असते.

आणि ती रेघ हलून नेमकी त्यांच्यावर आली.

काल कचेरीत जाऊन साहेबांना भेटले. चांगला माणूस आहे, चहा पाजला. मी म्हटलं, तिथं समाधी आहे. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याच अहवालात शून्य आहे. मी तुमचा कागद खरा धरू की तुमचं तोंड?" मी म्हटलं, तक्त्यात नजरचूक झाली. त्यांनी चष्मा काढला. "नजरचूक एका तक्त्यात असंल तर बाकीच्या अकरा तक्त्यांचं काय? वरचे लोक म्हणतील अहवालच रद्द करा, जुनाच नकाशा बरा. मग तुमच्या चिंचा गेल्या." मग हळू आवाजात म्हणाले, "जमीनमालकाची हरकत आली तर गोष्ट वेगळी. मग अहवालाला हात लावायची गरज नाही. तेवढा वळसा मी माझ्या पातळीवर देतो."

कळलं का तुला? तुझ्या एका सहीनं अप्पा पण वाचतात, चिंचा पण वाचतात. माझ्या तोंडानं बोलले तर एक काहीतरी जाणार, कदाचित दोन्ही.

अर्ज परत जोडते. पेनसुद्धा पाकिटात घातलं असतं, पण पोस्टात चेपलं असतं. माझ्यावरचा राग मरेपर्यंत ठेव, मला चालंल. अप्पांवर काढू नको रे.

अंजू

&nbsp;

नांदेड
२० फेब्रुवारी २०२५

अण्णा,

काल शिवजयंतीची सुट्टी होती, मी आले होते. तुला माहीत आहे, कारण तू मला बघितलंस. तुझी गाडी धुऱ्यावरनं येताना दिसली, मी हात वर केला, आणि तू तिथूनच गाडी वळवलीस. चाळीस वर्षांचा माणूस बहिणीला बघून पळतो! मी ओरडले पण. "अण्णा, मी काय वाघ हाय का?" पलीकडच्या रानात ज्वारी काढणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या.

उंबरा चढू नको म्हणालास, म्हणून मी घरी गेले नाही. शेतातच बसले. अव्वा फडक्यात भाकरी बांधून घेऊन आली. बहुतेक वैनीनंच सांगितलं असंल. तिला म्हणावं, राँग नंबरला भाकरी पोचली.

अव्वाला सगळं माहीत आहे, अण्णा. तू लपवतोस, मी लपवते, आणि ती म्हातारी रोज सकाळी येऊन त्या खुंटीला पाणी घालून राहिलीय. बेलाला घालते आणि शेजारी खुंटी आहे म्हणून तिलाही. मला म्हणाली, "लाकूडच हाय की ते बी. त्याचा काय दोष?" चुन्याची पांढरी रेघ दगडाच्या बरोबर मधून गेलीय. अव्वानं पदरानं दगडावरचा चुना पुसला होता, जमिनीवरचा तसाच होता.

मी विचारलं, "अण्णा माझी पत्रं वाचतो का गं?"

"वाचतो की. वाचतो आन् ट्रंकंत ठिवतो. बोलत न्हाई."

"मग सही कर म्हण की त्याला."

"म्हनलं न्हाई व्हय? धा येळा म्हनलं. सही म्हनलं की उठून जातो. जेवत आसला तरी ताटावरनं उठतो. तुमच्या दोगांत काय झालंय ते तुमालाच ठावं. म्या पोटात वागिवलं दोगांला, पर तुमच्या पोटात काय हाय ते मला कळंना."

तिनं असं म्हटलं आणि मला तिथं बसवेना. म्हणून आज खरं लिहून राहिले.

श्रद्धानं शून्य टाकलं नव्हतं.

श्रद्धानं पेन्सिलीनं 'एक' लिहिला होता. ती हुशार बाई आहे, तिला दगडावरची विभूती दिसली. मला येऊन विचारलं, "मॅडम, त्या कोपऱ्यात बेलाचं रोप आहे आणि दगड पुजलेला आहे, कुणाची तरी समाधी वाटते. तुम्हाला माहीत आहे का कुणाची?" आणि मी म्हटलं, "नाही, तसलं काही नाही तिथं." तिच्यासमोर खोडरबर घेतलं, एक खोडला, शून्य केलं, वर पेन फिरवला. बेलाचं रोपही मोजलं नाही. छातीच्या उंचीवर तीस सेंटिमीटरच्या आत घेर असला तर झाड धरायचं नाही, हा नियम मीच केलेला.

का केलं? थोडं ऐकून घे, मग शिव्या दे.

ग्रामपंचायतीत मी पहिल्यांदा सगळ्यांना नकाशा दाखवला, तो दिवस तुला आठवतो. तू मागं दाराजवळ उभा होतास, छाती फुगवून. मी महादेवप्पा काकांची विहीर सोडवली, मारुतीचा पार सोडवला. सगळे माना हलवत होते. आणि महादेवप्पा काका विहीर वाचूनसुद्धा हसत म्हणाले, "समद्याचं वाचिवलं मास्तरीनबाईनं. आता सोताचं शेत कसं वाचिवती ते बघू. काय तर देव निघंल बघा त्यात!" सगळे हसले. तू पण हसलास. मी पण.

घरी आले आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. मी माझ्या बापाची समाधी लिहिली की हेच लोक म्हणणार, बघा, निघाला देव. मास्तरीणबाईनं सगळ्यांच्या जमिनी घेतल्या आणि आपला कोपरा देवाच्या नावानं सोडवला. मला ते ऐकायचं नव्हतं, अण्णा. मला सरळ दिसायचं होतं. लोकांनी म्हणावं, बसलिंगप्पा ड्रायव्हरची लेक, स्वतःच्या शेतालाही सोडलं नाही. एवढ्या मोठेपणासाठी मी माझा बाप खोडरबरनं पुसला.

वाटलं होतं, खुंट्या मारायच्या वेळी मी तिथं उभी राहीन, तोंडी सांगून दोन-तीन मीटर सरकवून घेईन. तेव्हा कुणाला कळणार पण नाही. खुंट्या मारायला मला कुणी बोलावलंच नाही. बोलावत नसतात. अठरा वर्षं या धंद्यात आहे आणि एवढंसुद्धा मला कळलं नव्हतं.

अप्पांनी जागा स्वतः सांगितली होती. "मला विहिरीकडं बशिवू नका. रस्त्याच्या कडंला बशिवा, गाड्या दिसल्या पायजेत." अप्पांना बसवायला आलेले स्वामी खुश झाले होते, उत्तरेला तोंड येतं म्हणून. रस्ता उत्तरेलाच होता. अंगाला विभूती, हातात लिंग, मांडी घातलेली. तू खड्ड्यात उतरून त्यांची मान सरळ धरलीस, माती छातीपर्यंत येईस्तोवर सोडली नाहीस. मी वर उभी होते. आपल्यात बसवलेल्या माणसाला उठवत नाहीत. हे सगळं माहीत असून मी शून्य लिहिलं.

आता शिव्या दे. पण सही कर. आठ दिवस आहेत.

अंजू

&nbsp;

नांदेड
२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

अण्णा,

तिसरी पोच आली, सहीसकट. अर्ज नाही.

हे पत्र तुला शुक्रवारच्या आत मिळणार नाही, तरी लिहिते. आज उपास आहे, पोटात काही नाही आणि डोकं भणभणतंय. मी ठरवलंय. परवा सुनावणीत उभी राहून सगळं सांगणार. 'एक' होता, मी खोडला, तक्ता सात खोटा आहे. लेखी तयार केलंय, श्रद्धानं साक्षीदार म्हणून खाली सही केली. मी तिच्यावर ढकललेलं तुला सोडून कुणाला माहीत नाही. मी तिला तेही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "चला, वाचून बघू एकदा, कुठं चुकलंय का." मला तिच्यासमोर रडू आलं.

अहवाल रद्द होईल. चिंचा पडतील. कॉलेजात काय होईल ते होईल. मी काल त्या १४३ झाडांची यादी काढून बसले, नंबर, घेर, उंची. सत्त्याऐंशी नंबरच्या ढोलीत पोपट आहेत, तेही लिहिलेलं आहे. आणि समोर अप्पांचा फोटो. कुणाला सोडू आणि कुणाला धरू? मी अप्पांना धरलं. अप्पांनी चिंचा धरल्या असत्या, हे मला माहीत आहे, पण मी त्यांची लेक आहे, मला जमणार नाही.

तुझी सही आली असती तर हे करावं लागलं नसतं. तू इतका कठोर कधी झालास रे?

अंजू

&nbsp;

नांदेड
१ मार्च २०२५

अण्णा,

काल झाली सुनावणी.

हॉलमध्ये वीस-बावीस जण होते. महादेवप्पा काका पुढच्या खुर्चीवर. मी तुला शोधलं, तू नव्हतास. आपला गट पुकारला तशी मी कागद घेऊन उभी राहिले. म्हटलं, "साहेब, तक्ता सात मी खोटा भरलाय. तिथं माझे वडील आहेत." महादेवप्पा काकांनी मान खाली घातली.

साहेबांनी कागद वाचला. सगळा वाचला. मग फाईल उघडली आणि म्हणाले, "त्या दिवशी मी मालकांचे कागद बघितले नव्हते. मॅडम, हे तुम्हाला माहीत नाही का?" आणि एक छापील फॉर्म माझ्यापुढं सरकवला. जमीनमालकाचं संमतीपत्र. नोव्हेंबरमधलं. 'सदर जमिनीत मंदिर, दर्गा, स्मशान, समाधी इत्यादी काहीही नाही.' खाली तुझी सही. 'मृ'ची शेपटी खालच्या ओळीत.

आणि 'हरकत असल्यास' अशी रिकामी जागा आहे, तिथं तुझ्या अक्षरात: 'हरकत नाही. अभ्यास माझ्या बहिणीने केलेला आहे.'

साहेबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांना काय माहीत, ते काय वाचून राहिलेत.

तू वाचलाच नाहीस ना रे तो फॉर्म? वरचा एक शब्द वाचला नाहीस. माझं नाव दिसलं आणि सही ठोकलीस. मी शून्य लिहिलं लोकांच्या तोंडाला भिऊन, आणि तू मी लिहिलंय म्हणून. अप्पांची दोनच लेकरं, आणि दोघांनीही सहीनिशी लिहून दिलं की बाप इथं नाही.

संमती मागं घ्यायची मुदत ३१ डिसेंबरला संपली, खुंट्या मारायच्या आधीच. माझं पहिलं पत्रच महिनाभर उशिरा होतं. तुला हे माहीत होतं. खुंटी बघून तू कचेरीत गेला असशील, त्यांनी तुला तुझाच कागद दाखवला असंल. त्यानंतर मी दर आठवड्याला तुला लिहून राहिले, सही कर, सही कर. आणि तू ताटावरून उठत राहिलास. मूर्खा, एकदा तरी सांगायचंस! मला शिव्या देण्यापेक्षा एकदा रडून सांगायचंस, "अंजे, म्या बी सही केली." मी काय तुला खाल्लं असतं? कठोर म्हणाले तुला परवा. ते पत्र आलं असंल तर फाडून टाक.

माझा कबुलीचा कागद साहेबांनी परत दिला. म्हणाले, "मालकाची संमती असताना त्रयस्थाच्या म्हणण्यावर मला रेघ हलवता येत नाही. आणि तुमचा अहवाल वर मंजूर झालाय, तो आता खात्याचा. तुम्हालाही तो खोडता येत नाही." त्रयस्थ म्हणजे मी. मी म्हटलं, मग माझ्यावर कारवाई तरी करा. ते म्हणाले, "कशाबद्दल, मॅडम? दोन्ही कागद जुळतात."

बाहेर पडताना एका पर्यावरणवाल्या संस्थेच्या बाईंनी हार घातला मला. चिंचा वाचल्या ना. एकशे त्रेचाळीस. मी तो हार गळ्यात तसाच घेऊन बसस्टँडपर्यंत आले, तेव्हा कळलं.

महादेवप्पा काका मागून आले होते. म्हणाले, "पोरी, म्या आपलं हसण्यावारी बोललो हुतो गं. माजी हीर घ्या म्हनतो की, तकडून वळवा रस्ता." डोळे पुसत होते. पण विहीर आपल्यापासून अर्धा किलोमीटर लांब. तिकडून वळवून काही होत नाही. मी त्यांना चहा पाजला आणि चाकूरच्या गाडीत बसवलं.

मशीन दहा तारखेला येणार, सोमवारी. साहेब शेवटी एवढंच म्हणाले, "त्याआधी घरच्यांनी जे काढायचं ते काढून घ्या." काय काढून घ्यायचं, अण्णा? बेल काढू, तो विहिरीकडं लावू. दगड उचलू. पण अप्पांना कोण उठवणार? मी स्वामींना फोन केला. त्यांनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "लेकरांनी दोघांनी मिळून यावं, मग बघू." मी त्यांना म्हणू शकले नाही की भाऊ माझ्याशी बोलत नाही.

मला तुझ्याशिवाय हे होणार नाही. एकटीनं त्या दगडासमोर उभं राहून मी काय सांगू त्यांना? शून्याचं मी सांगीन. सहीचं तू सांग. किंवा काहीच सांगू नकोस, नुसता शेजारी बस. तू त्यांची मान सरळ धरली होतीस, तुझं ते ऐकतील.

या पत्राला पोच लावलेली नाही. साधं तिकीट लावून टाकून राहिले. तुझी सही आता मला कुठंच नको.

रविवारी नऊ तारखेला सकाळी सातच्या गाडीनं निघते, जुन्या रस्त्यानं जाणारी. थांबा तिथं नाही, पण अप्पांचं नाव सांगितलं की अजून थांबवतात. मी कंडक्टरला सांगणार आहे, चिंचेखाली माणूस उभा दिसला तरच बेल मारा. नाही दिसला तर तशीच पुढं जाऊ द्या.

तुझी
अंजू